कांद्याच्या सालीपासून झिंक ऑक्साइड: एम.एस्सी.च्या डेझर्टेशनला हा विषय घेऊ का? (नाशिक)

लालसाल:
नमस्कार. नाशिकमध्ये एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुणे विद्यापीठाचा अभ्यासक्रम. तिसऱ्या सत्राचे ४ क्रेडिट वाचन आणि आराखड्यात गेले, आता चौथ्या सत्रात ६ क्रेडिटचं प्रत्यक्ष काम करायचंय. सोमवारी विषय गाईडना लिहून द्यायचा आहे.

डोक्यात असलेला विषय: लासलगावहून आणलेल्या लाल कांद्याच्या सालीचा अर्क वापरून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण, मग उन्हात मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाचं विघटन, आणि शेवटी बॅक्टेरियाविरोधी चाचणी.

विभागात काय आहे: सिंगल बीम यूव्ही-व्हिजिबल (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र), ४००० आरपीएमचा सेंट्रिफ्यूज, मफल फर्नेस, ओव्हन, पीएच मीटर, मॅग्नेटिक स्टरर. एक्सआरडी (स्फटिकरचना तपासणारं), सेम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), एनएमआर (रेणूची रचना दाखवणारं) नाही.

एक ट्रायल घेतली आहे. पावडर राखाडी आली. १० मिग्रॅ प्रति लिटरच्या १०० मिली रंगद्रावणात ५० मिग्रॅ पावडर टाकून उन्हात ठेवली, ६० मिनिटांत ९२ टक्के रंग गेला. गाईड म्हणाले, "हे विघटनच आहे कशावरून?" त्याचं उत्तर देता आलं नाही. विषय चांगला आहे का, की गोदावरीच्या पाण्याचं विश्लेषण किंवा सरळ ऑरगॅनिक सिंथेसिस घ्यावं? प्रमाणांसकट सांगितलंत तर फार मदत होईल.

मफल_४५०:
विषय घ्या, पण मथळा बदला. आणि मथळा बदलण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण या विषयावरचे अर्धे शोधनिबंध तिथेच चुकतात.

"सालीतल्या क्वेर्सेटिनमुळे झिंकचं क्षपण होऊन झिंक ऑक्साइड तयार झालं" असं वाक्य तुम्हाला जागोजागी सापडेल (क्वेर्सेटिन हे सालीतलं रंगद्रव्य, क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन मिळणं). ते उचलू नका. झिंक ॲसिटेटमध्ये झिंक +२ आहे आणि झिंक ऑक्साइडमध्येही +२ च आहे. क्षपण कशाचंच झालेलं नाही. चांदीच्या नॅनोकणांचं वर्णन लोकांनी तसंच इकडे आणून चिकटवलंय. झिंकचा प्रमाण विभव −०.७६ व्होल्ट, म्हणजे त्याचं धातूत क्षपण करणं कांद्याच्या सालीला झेपणारं नाही. इथे अर्क काय करतो? फार तर झिंकला धरून ठेवतो, कणांच्या पृष्ठभागावर बसतो, त्यांची वाढ रोखतो. म्हणजे साल न घालताही तुमच्या बीकरमध्ये झिंक ऑक्साइड होणारच आहे, सोडियम हायड्रॉक्साइड पुरेसं आहे. मग डेझर्टेशनचा खरा प्रश्न हा: साल घातल्याने नेमका काय फरक पडतो? कणांचा आकार, रंग जाण्याचा वेग, दोन्हीत. असा प्रश्न तुमच्या विभागातल्या उपकरणांवर ८० टक्के सुटतो.

आता कृती. साल धुऊन ६० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. वर्षभराची सगळी साल एकाच दिवशी, एकाच ढिगातून आणा, एक किलो पुरून उरते. दर महिन्याला नवी साल आणली की अर्क बदलतो आणि मग कुठलाच बॅच कुठल्याच बॅचशी जुळत नाही. १० ग्रॅम साल, २०० मिली डिस्टिल्ड पाणी, ८० अंश, ३० मिनिटं. उकळू नका. आधी मलमलीतून, मग व्हॉटमन १ मधून गाळा. फ्रिजमध्ये ठेवला तरी चार-पाच दिवसांत बुरशी धरतो, म्हणून लागेल तेवढाच करा.

झिंक ॲसिटेट डायहायड्रेट ४.३९ ग्रॅम १८० मिली पाण्यात, त्यात २० मिली अर्क. म्हणजे २०० मिलीत ०.०२ मोल झिंक, ०.१ मोलर. ६० अंशांवर ढवळत २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडा. हिशेबाने २० मिली लागतं, अर्क किंचित आम्लधर्मी असल्याने थोडं जास्त जाईल. पीएच १० ला थांबा. १२ च्या पुढे गेलात तर अवक्षेप झिंकेट होऊन परत विरघळायला लागतो आणि उतारा (मिळालेल्या पावडरीचं वजन, यील्ड) का कमी आला ते कळत नाही. दोन तास ढवळा, सेंट्रिफ्यूज करा, पाण्याने तीनदा, इथेनॉलने एकदा धुवा. धुण्याचं पाणी उदासीन होईपर्यंत धुवायचं, "तीनदा" हा आकडा पाळायला नाही. सोडियम ॲसिटेट आत राहिलं तर भट्टीत त्याचं सोडियम कार्बोनेट होतं, ते रंगद्रावणात पीएच चढवतं आणि रंग पावडरवर जास्त चिकटतो. तुम्हाला वाटतं कॅटलिस्ट (रंग तोडायला मदत करणारी पावडर) उत्तम झालाय.

१०० अंशांना वाळवून खलात बारीक करा, क्रुसिबलमध्ये पातळ थर पसरा, झाकण न लावता ४५० अंशांना दोन तास. सैद्धांतिक उतारा १.६३ ग्रॅम. १.९ ग्रॅम आला तर आनंद मानू नका, आत पाणी, मीठ किंवा न जळलेला सेंद्रिय भाग आहे.

आणि तुमची राखाडी पावडर: तो कार्बन आहे. क्रुसिबल काठोकाठ भरली होती किंवा तापमान ३०० च्या आसपास होतं, दोन्हींपैकी एक. कार्बन मिथिलिन ब्लू पटापट शोषून घेतो. ९२ टक्क्यांमधले किती त्या कार्बनचे, ते आज कुणालाच सांगता येणार नाही. तीच पावडर पातळ पसरून पुन्हा ४५० ला दोन तास द्या. भट्टीतून काढताना गरम पावडर पिवळी दिसेल, घाबरू नका. झिंक ऑक्साइड गरम असताना पिवळं असतं आणि थंड होताना डोळ्यांदेखत पांढरं होत जातं. थंड झाल्यावरही राखाडी किंवा पिवळट राहिलं तर काम बाकी आहे.

याच पद्धतीने, अर्काच्या जागी २० मिली पाणी घालून दुसरा बॅच करा. तुमच्या प्रबंधाचा कणा तो बॅच आहे.

प्रयोगवही:
वरच्या उत्तरात बनवण्याचा भाग आला, मी मोजण्याचा सांगते. गाईडनी विचारलेला प्रश्न योग्य आहे आणि बाहेरचे परीक्षकही व्हायवात (तोंडी परीक्षेत) पहिला तोच विचारतील.

१० मिग्रॅ प्रति लिटर मिथिलिन ब्लूचं ६६४ नॅनोमीटरला प्रकाशशोषण १ सेमी क्युव्हेटमध्ये २ च्या आसपास येतं. सिंगल बीम यंत्रावर १ च्या वरच्या रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही, शिवाय या रंगाचे रेणू जास्त संहतीला जोडीने चिकटतात आणि बिअरचा नियम (प्रकाशशोषण संहतीच्या प्रमाणात वाढतं) वाकतो. म्हणजे तुमचं शून्य मिनिटाचं रीडिंगच कच्चं आहे, आणि सगळे टक्के त्याच्यावर उभे आहेत. १, २, ३, ४, ५ मिग्रॅची कॅलिब्रेशन रेषा काढा आणि प्रयोग ५ मिग्रॅपासूनच सुरू करा. रंगाच्या बाटलीवर हायड्रेट आहे का तेही बघा, वजनात ते पाणी धरावं लागतं.

पावडर टाकल्यावर आधी अंधार. बीकर ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ढवळत ठेवा, दर १५ मिनिटांनी नमुना, लागोपाठ दोन रीडिंग सारखी येईपर्यंत. साधारण ३० ते ६० मिनिटं. अंधारात गेलेला रंग पावडरवर नुसता चिकटलेला. उन्हातल्या विघटनाची सुरुवातीची संहती म्हणजे अंधारानंतरची संहती, बाटलीतली नव्हे. एलएन सी शून्य भागिले सी (सुरुवातीच्या आणि त्या वेळच्या संहतीच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग), विरुद्ध वेळ, असा आलेख काढताना नव्वद टक्के मुलं इथे बाटलीतली संहती घालतात आणि रेषा शून्यातून जात नाही म्हणून पहिला बिंदू खोडतात.

एका वेळी पाच बीकर उन्हात हवेत: नुसता रंग, रंग आणि तुमची साल-पावडर, रंग आणि बिनसालीची पावडर, रंग आणि बाजारातलं झिंक ऑक्साइड, आणि साल-पावडरच, पण फॉइलमध्ये. पाचही शेजारी शेजारी, एकाच वेळी. मिथिलिन ब्लू उन्हात एकटाही फिका पडतो, म्हणून पहिला बीकर वगळता येत नाही. आज एक बीकर आणि गुरुवारी दुसरा, असं केलंत तर तुम्ही पावडरींची नाही, आभाळाची तुलना करताय. लक्स मीटरवर भिस्त ठेवू नका. तो डोळ्यांना दिसणारा प्रकाश मोजतो, आणि झिंक ऑक्साइडला लागतो अतिनील: बँड गॅप (त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) ३.३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरला तर १२४० भागिले ३.३७, म्हणजे ३६८ नॅनोमीटरच्या खालचा.

नाशिकच्या मार्चच्या उन्हात, अकरा ते दोनच्या वेळात, उघड्या बीकरमधलं पाणी डोळ्यांना दिसेल इतकं उडतं. पाणी उडालं की रंग दाट होतो आणि विघटन कमी दिसतं. बीकरचं वजन सुरुवातीला घ्या, प्रत्येक नमुन्याआधी घट डिस्टिल्ड पाण्याने भरून काढा. बीकर पाण्याच्या उथळ ट्रेमध्ये ठेवा म्हणजे पाचांचं तापमान सारखं राहील.

नमुना ढवळत असतानाच ४ मिली पिपेटने काढा, म्हणजे पावडर आणि द्रावण एकाच प्रमाणात बाहेर येतात. फिल्टर पेपरमधून गाळू नका. सेल्युलोज हा रंग धरतो. कागद निळा होतो आणि तुमचे टक्के फुकटात वाढतात. सेंट्रिफ्यूजच करा, १५ मिनिटं. ४००० आरपीएमला अगदी बारीक कण वर तरंगत राहू शकतात, म्हणून प्रत्येक नमुन्याचं ८०० नॅनोमीटरलाही रीडिंग घ्या. तिथे रंग प्रकाश शोषत नाही, जे दिसेल तो गढूळपणा. ०.०१ च्या वर असेल तर पुन्हा फिरवा.

सगळं स्पेक्ट्रम ४०० ते ८०० घ्या, फक्त ६६४ चा आकडा लिहून मोकळं होऊ नका. शिखर खाली येताना डावीकडे सरकत असेल तर रेणूचे मिथाइल गट एकेक करून सुटतायत, म्हणजे रेणू खरोखर तुटतोय. रंग नुसता पावडरवर चिकटत असेल तर शिखर जागेवरच खाली बसतं. गाईडना द्यायचं एक उत्तर हे. दुसरं: प्रयोगानंतर पावडर वेगळी करून थोड्या इथेनॉलमध्ये हलवा. इथेनॉल निळं झालं तर रंग पावडरवर बसलेला होता, तुटलेला नव्हता. पाच मिनिटांची चाचणी आहे, फोटोसकट प्रबंधात घाला.

प्रत्येक प्रयोग तीनदा. सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही लिहा, आणि ९२.४७ असं लिहू नका, तुमचं यंत्र तेवढं सांगत नाही.

टीएलसी_प्लेट:
ऑरगॅनिकचं विचारलंत म्हणून. वेळ कमी असेल तर कॉलम (शुद्धीकरणाची नळी) लागणार नाही अशी अभिक्रिया निवडा. ॲल्डिहाइड, मॅलोनोनायट्राइल आणि डायमेडोन यांची एका भांड्यातली अभिक्रिया, उत्पादन टेट्राहायड्रोबेंझोपायरान. ५ मिलिमोलला बेंझाल्डिहाइड ०.५३ ग्रॅम, मॅलोनोनायट्राइल ०.३३, डायमेडोन ०.७०, इथेनॉल-पाणी निम्मंनिम्म १० मिली, बेस कॅटलिस्ट, रिफ्लक्स. थंड केलं की घन पडतो, गाळा, इथेनॉलमधून पुन्हा स्फटिक करा. पूर्ण उतारा १.४७ ग्रॅम.

बिघडतं ते बहुतेक वेळा बेंझाल्डिहाइडच्या जुन्या बाटलीमुळे. झाकणाभोवती पांढरे स्फटिक दिसले तर ते बेंझोइक ॲसिड आहे, ते तुमचा बेस खाऊन टाकतं आणि अभिक्रिया अर्ध्यावर थांबते. १० टक्के सोडियम कार्बोनेटने धुवा, पाण्याने धुवा, सुकवा, ऊर्ध्वपातन करून लगेच वापरा. मॅलोनोनायट्राइल ३२ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे एप्रिलमध्ये आपल्याकडे बाटलीत द्रव सापडेल. फ्रिजमध्ये ठेवा, हातमोजे घालून फ्यूम हूडमध्येच वजन करा, विषारी आहे.

आयआर (अवरक्त) स्पेक्ट्रममध्ये २२०० सेमी⁻¹ च्या किंचित खाली नायट्राइल आणि ३४०० ते ३२०० मध्ये अमाइनची जोडी दिसली पाहिजे. एनएमआरला ५ ते १० मिग्रॅ पुरतं, पण निर्वात सुकवून द्या. डीएमएसओ या द्रावकात १.०६ पीपीएमला ट्रिपलेट आणि ३.४४ ला क्वार्टेट दिसला तर तो तुमचा रेणू नाही, न सुकलेलं इथेनॉल आहे. ३.३३ चा पसरट सिग्नल पाण्याचा.

फक्त एवढं लक्षात घ्या की ही अभिक्रिया शेकडो कॅटलिस्टांनी करून झालेली आहे. नवीन काय, या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल तर कांद्याची साल बरी. किंवा दोन्ही जोडा, तुमचं झिंक ऑक्साइडच इथे कॅटलिस्ट म्हणून वापरून बघा. बिनकॅटलिस्टचा प्रयोग सोबत हवाच, कारण नुसत्या गरम पाणी-इथेनॉलमध्येही ही थोडीफार होते.

गंगाघाट:
गोदावरीचं पाणी "सोपं" म्हणून घेऊ नका. गंगापूर धरणाखाली, रामकुंड आणि तपोवन अशा तीन जागा, दोन नमुने आणि दहा तक्ते, याला मोजणी म्हणतात, डेझर्टेशन नाही. प्रश्न हवा. उदाहरणार्थ, रामकुंड ते तपोवन या टप्प्यात सीओडी (रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची गरज) आणि बीओडी (जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) यांचं गुणोत्तर आठवड्याच्या वेगवेगळ्या दिवशी कसं बदलतं.

घ्यायचंच असेल तर विरघळलेला ऑक्सिजन काठावरच बांधावा लागतो: ३०० मिलीच्या बाटलीत बुडबुडा न ठेवता पाणी, मँगनस सल्फेट २ मिली, अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिली, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. गाडीवरून लॅबला आणून मग रसायनं घातली तर तो आकडा नदीचा राहत नाही. बीओडी आपल्याकडे २७ अंशांना ३ दिवस धरतात. परदेशी निबंधातला २० अंश-५ दिवसांचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका. सीओडीला २० मिली नमुन्यामागे ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट, क्लोराइड अडवायला, दोन तास रिफ्लक्स, शेवटी फेरॉइन हा दर्शक लावून फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन. त्यातला पारा आणि क्रोमियम सिंकमध्ये ओतायचा नाही. ज्या नदीचं पाणी तपासतोय तिच्यातच तो जाणार आहे. वेगळ्या कॅनमध्ये साठवा, लेबल लावा, आणि त्याची विल्हेवाट कशी लावली ते प्रबंधात लिहा.

लालसाल:
सगळ्यांचे मनापासून आभार. सालच घेते, बिनसालीच्या बॅचसकट. तीन शंका. काचेचा क्युव्हेट चालेल का? एक्सआरडी किती नमुन्यांचं करू आणि आकार कसा काढू? आणि बॅक्टेरियाची चाचणी ठेवू की काढू?

मफल_४५०:
६६४ ला काच चालते. बँड गॅपसाठी अतिनीलमध्ये जायचं असेल तर क्वार्ट्झ हवा, पण पावडर पाण्यात ढवळून साध्या यूव्हीवर बँड गॅप काढू नका, तिथे शोषणापेक्षा विखुरणं जास्त मोजलं जातं. डीआरएस (पावडरवरून परावर्तित प्रकाश मोजणारं तंत्र) मिळालं तर काढा, नाहीतर तो भाग सोडा.

एक्सआरडी फक्त दोन नमुन्यांचं: साल आणि बिनसाल. पुण्याला विद्यापीठाची मध्यवर्ती उपकरण सुविधा आहे, मुंबईत आयआयटीचं सैफ हे उपकरण केंद्र आहे. गाईडच्या सहीचं पत्र आणि फॉर्म आधी लागतो आणि रांग असते, म्हणून पावडर पांढरी झाली त्याच आठवड्यात पाठवा, लिखाणाची वाट बघू नका. १ ग्रॅम बारीक पावडर बंद कुपीत द्या. फाईल आकड्यांच्या रूपात मागून घ्या. नुसत्या चित्रावरून रुंदी मोजता येत नाही. शिखरं ३१.८, ३४.४, ३६.३, ४७.५, ५६.६ अंशांना (२ थीटा) हवीत, झिंक ऑक्साइडच्या संदर्भ कार्ड क्रमांक ३६-१४५१ शी जुळवा. जास्तीचं शिखर दिसलं तर ते लपवू नका, कशाचं आहे ते शोधा.

आकारासाठी शेररचं सूत्र: ०.९ गुणिले ०.१५४०६ नॅनोमीटर, भागिले (बीटा गुणिले कोस थीटा). बीटा म्हणजे शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी, रेडियनमध्ये, आणि थीटा म्हणजे आलेखावरच्या आकड्याच्या निम्मा. ३६.२५ ला रुंदी ०.४० अंश आली तर बीटा ०.००६९८, कोस १८.१२५ म्हणजे ०.९५०, उत्तर सुमारे २१ नॅनोमीटर. अंश तसेच घातले तर ०.३६ नॅनोमीटर येतं, म्हणजे झिंक ऑक्साइडच्या एका युनिट सेलएवढं. असा आकडा आला की चूक कुठे ते लगेच कळतं. यंत्राची स्वतःची रुंदी वजा करायची असते, तीही त्यांच्याकडून मागा. आणि जे येतं तो स्फटिककणाचा आकार, सेममध्ये दिसणाऱ्या कणाचा नव्हे. व्हायवात हा फरक हमखास विचारतात.

बॅक्टेरिया काढून टाका. तिथे झिंक ॲसिटेट, नुसता अर्क, बिनसालीची पावडर असे वेगळे कंट्रोल (तुलनेचे नमुने) लागतात, शिवाय मायक्रोबायोलॉजीची लॅब. त्या वेळात पावडर तीनदा पुन्हा वापरून वेग किती घटतो ते बघा. आणि सापळा-चाचणी (रंग नेमका कोणता क्रियाशील घटक तोडतो ते शोधणारी) करणार असाल तर ईडीटीए टाळा. ते झिंकलाच धरतं, कॅटलिस्ट विरघळतो आणि वेग कमी झाल्याचं भलतंच कारण लिहिलं जातं. रंगद्रावणाचा पीएचही ६ च्या खाली नेऊ नका, तिथेही कॅटलिस्ट विरघळतो.

प्रयोगवही:
लिखाणाचं थोडं. प्रयोगाचं प्रकरण आजच सुरू करा, वहीतून सरळ, तारीख आणि बॅच क्रमांकासकट. प्रस्तावना सर्वांत शेवटी. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० मध्ये ठरलेल्या मुदतीत सुधारून पुन्हा द्यावं लागतं. साम्य मुख्यतः प्रस्तावनेतच निघतं, "नॅनोटेक्नॉलॉजीचं महत्त्व" अशी चार पानं कुठून तरी घेतलेली असतात म्हणून. तो भाग लिहूच नका. कांद्याच्या सालीत काय असतं आणि झिंक ऑक्साइडवर त्याचा परिणाम आधी कुणी बिनसालीच्या कंट्रोलसह तपासलाय का, एवढंच सहा-सात पानांत येऊ द्या.

साल आणि बिनसालीच्या पावडरीचा वेग सारखाच आला, तर तसंच लिहा. तोही निकाल आहे, आणि तीन वेळा मोजलेला असेल तर तो कुणालाही खोडता येणार नाही.

लालसाल:
पावडर पुन्हा ४५० ला ठेवली होती. काढली तेव्हा पिवळी होती, आता पांढरी आहे. ट्रायलचं वजन १.८८ होतं, आता १.५७ ग्रॅम भरलं. उद्या बिनसालीचा बॅच लावते.